थोरला हिरवा, धाकटा हिरवा

हिरव्या रंगाचा मला मनापासून कंटाळा आहे. लोक सुट्टी काढून हिरवाई बघायला जातात, मी घरात पडदे ओढून बसतो. यात निसर्गाचा काही दोष नाही. सिंदेवाहीला असताना माझी नोकरीच हिरवा रंग ओळखण्याची होती, आणि दिवसभर ते करून घरी आलो की माझी घरमालकीण मला परत हिरवाच रंग ओळखायला लावत असे. तीनेक वर्षं हा प्रकार चालला. एवढ्यानं कोणाचंही मन विटेल.

नोकरीचं आधी सांगून टाकतो. मी धानाच्या संशोधन केंद्रावर सहायक होतो. तेव्हा पानांच्या रंगाचा एक तक्ता नुकताच आमच्याकडे आला होता. तक्ता कसला, प्लास्टिकची एक पट्टी, तिच्यावर फिकट पोपटीपासून गडद हिरव्यापर्यंतचे चौकोन. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरायचं, धानाचं पान न तोडता त्या पट्टीवर धरायचं आणि ते कोणत्या चौकोनाशी जुळतं ते पाहायचं. पान फिकं निघालं तर युरिया द्यायचा, नाही तर थांबायचं. ऐकायला मजेशीर वाटतं. पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभं राहून सकाळभर पानं पाहिली की शेवटी आपली चप्पलसुद्धा हिरवी दिसायला लागते.

घरमालकीण म्हणजे सिस्टर. त्यांचं नाव सगळ्या गल्लीला माहीत होतं, पण वापरत कोणी नसे. सगळं आयुष्य त्यांनी भामरागडकडच्या जंगलात, हेमलकशाच्या रस्त्यापासून आणखी आत, एका उपकेंद्रात नर्सबाई म्हणून काढलं होतं. निवृत्त झाल्यावर आपल्या मूळ तालुक्यात येऊन हे घर बांधलं. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं एका शेजारणीनं तोंडावर विचारलं तेव्हा म्हणाल्या, "टाइमच नाई भेटला वो. इकडं पाव्हने पाहाले येत अन् तिकडं कोनीतरी बाई अडे." घराची पुढची खोली मला भाड्यानं दिलेली, मधली त्यांची, आणि मागची रिकामी. ही सगळी कथा त्या मागच्या खोलीची आहे.

सिस्टरना बोलताना समोरच्याचं मनगट धरायची सवय होती. नवख्या माणसाला वाटे, किती मायेनं बोलतात. त्या नाडी बघत असत. दूधवाला एकदा दारात उभा राहून शपथेवर सांगत होता की दुधात पाण्याचा थेंब नाही. सिस्टरनी त्याचा हात धरून सगळं ऐकून घेतलं, मग हात सोडला आणि म्हणाल्या, "नाडी जोरात चालून राह्यली बापा. खोटं बोलून राह्यला तू." दूधवाल्यानं त्यानंतर दूध सुधारलं की नाही ठाऊक नाही, पण भांडं लांबूनच ओतायला लागला.

मी आजारी पडलो तर माझी धडगत नसे. साधी सर्दी झाली तरी चादरीचे कोपरे गादीखाली असे घट्ट खोचून ठेवत की रात्री कूस बदलायची तर आधी स्वतःची सुटका करून घ्यावी लागे. कण्हलो तर म्हणत, "दुखते म्हनजे जिंदं हाये. न दुखनाराची मले चिंता." त्यांच्याकडे कोणी भेटायला आलं तर संध्याकाळीच यायचं, आणि पेशंट झोपलाय असं समजून हळू बोलायचं. पेशंट घरात कोणीच नसे. सरकारी लिलावातून आणलेली एक लोखंडी खाट मागच्या खोलीत होती, तिच्यावर पांढरी शुभ्र चादर, आणि ती चादर कोणी झोपलेलं नसतानाही दर सोमवारी बदलली जाई.

आणि भिंती. भिंतींची हकीकत अशी की घर बांधून झालं तेव्हा रंग द्यायला उस्मानभाई आले. उस्मानभाई गावातले जुने पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळा, कचेऱ्या, दवाखाने, सगळ्या तालुक्याला त्यांचाच हात लागलेला. त्यांनी विचारलं, "सिस्टर, कलर कौनसा मारू?" सिस्टर तेव्हा सामान लावण्यात गुंतल्या होत्या. म्हणाल्या, "नेहमीचा मारा." उस्मानभाईंचा नेहमीचा आणि सिस्टरचा नेहमीचा एकच निघाला. कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट, त्यावर गडद पट्टा, वर पांढरा चुना. दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उस्मानभाईंना वाटलं, घर छान झालं. सिस्टरना वाटलं, घरासारखं वाटतंय. मी खोली बघायला पहिल्यांदा आलो तेव्हा केसपेपर काढायची खिडकी कुठे आहे ते शोधत होतो.

घराचा दवाखाना झालाय हे सिस्टरच्या लक्षात आणून दिलं ते सोमीनं. सोमी ही सिस्टरच्या उपकेंद्राच्या गावातली माडिया जमातीची दाई. सिस्टर तिथे गेल्या तेव्हा त्यांना बोली येत नव्हती, नदीला उतार कुठे ते ठाऊक नव्हतं, आणि रानात वाट म्हणतात ती कशाला हेही कळत नव्हतं. सोमी त्यांचा हात धरून त्यांना बाळंतिणींच्या घरी नेई. सिस्टर सांगत, "मी पहिल्यानं त्या बायकाइले खूप समजावून सांगो. दम घे, घाबरू नोको, असं कर, तसं नोको करू. मंग सोमीकडं पाहो, तं थे दोनच शब्द बोलून मोकळी. मी म्हनलं, येवढ्यात सगळं सांगलं तू? खूप वर्षांनं बोली शिकली तवा समजलं काय सांगे तं. 'बोलू दे हिले, हात चांगला हाये,' असं सांगे." हे सांगताना सिस्टर दर वेळी डोळे पुसेपर्यंत हसत.

दोघींचं ठरलेलं होतं की म्हातारपणी एकत्र राहायचं. सोमीचा नवरा गेला होता, लेक लांबच्या गावी दिलेली. सिस्टरना तर कोणीच नव्हतं. मागची खोली सोमीसाठीच बांधली होती.

सोमी आली तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी सिस्टरनी मला माझ्याच खोलीत पाय धुऊन यायला लावलं. सोमी एसटीतून उतरली, हातात चारोळीची पुरचुंडी, अंगावर गुडघ्याच्या खाली येणारं लुगडं, चेहरा शांत. दारात तिनं आत पाहिलं आणि पायरीखाली चपला काढल्या. आत आली, मागची खोली पाहिली, खाट पाहिली, चादरीला हात लावला नाही. मग खोलीबाहेरच्या बोळात येऊन भिंतीला पाठ टेकून खाली बसली. दवाखान्यात नातेवाईक बसतात तशी. सिस्टर वाढायला उठल्या की ती उठे, सिस्टर बसल्या की बसे. रात्री तिथेच बोळात अंथरूण घातलं.

सकाळी तिनं पुरचुंडी ठेवून दिली आणि निघाली. सिस्टर तिच्या मागेमागे स्टँडवर, त्यांच्या मागे मी, पिशवी घेऊन. "काऊन जातेस? काय झालं? इथी काय कमी हाये?" सिस्टर विचारत होत्या. सोमीच्या बोलीत अहो-जाहो नसतंच. ती म्हणाली, "हा तं दवाखाना होय, बाई. दवाखान्यात मानूस रायत नाई. बरं होते अन् घरी जाते." आणि गाडीत चढली.

घरी आल्यावर सिस्टर कमरेवर हात ठेवून मागच्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, आणि मला वाटतं त्या वेळी त्यांना ती भिंत पहिल्यांदा दिसली. दुसऱ्या दिवशी उस्मानभाई पत्रा घेऊन भिंत खरवडत होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. आपला रंग कोणी खरवडायला लावला असं त्यांच्या आयुष्यात झालं नव्हतं.

आता कोणीही म्हणेल, हिरवा नको तर पिवळा द्या, गुलाबी द्या, विषय संपवा. मीही तेच म्हणालो. पण सिस्टरच्या डोक्यात एक हिरवा होता. सोमीच्या घरापुढे मोहाचं मोठं झाड आहे. त्याच्या पानांतून पडवीत उजेड झिरपतो, तो उजेड हिरवा असतो. सिस्टर म्हणाल्या, "पहाटे बाळंतपन करून आलो की आमी तिथी बसून कोरा चा पेवो. थो हिरवा पायजे. थो असन तं सोमीले वाटन आपल्याच घरी बसली हाये." उस्मानभाईंनी डबे आणले, मिसळले, भिंतीवर एक चौकोन मारला. सिस्टर म्हणाल्या, जवळ आलं, पण नाही. उस्मानभाईंनी अजून कसला तरी थेंब घालून शेजारी दुसरा मारला. सिस्टर बघतच राहिल्या.

त्या दोन चौकोनांत मला काही फरक दिसला नाही. उस्मानभाईंनाही दिसला नसावा, पण ते धंद्याला जागून म्हणाले, "फरक है. बारीक है, मगर है." सिस्टरनी मात्र लगेच त्यांचं बारसं केलं. आधी मारला तो थोरला, नंतर मारला तो धाकटा. "जुळ्यात फरक असतेच," त्या म्हणाल्या. "बाहेरच्याले दिसत नाई. पाहून पाहून दिसते."

तर आम्ही पाहायला लागलो. पाहून पाहून वर्ष गेलं.

सकाळी कामावर निघायच्या वेळी हाक यायची. "भाऊ, इकडं या जरासे." थोरला आज उदास वाटतो का? धाकटा पावसाळी हवेत जास्त उजळतो का? उन्हाळ्यात दुपारी खिडकी झाकली की कसं दिसतं, वीज गेली की कंदिलात कसं दिसतं, ढग आले की कसं. मागच्या अंगणात शेजाऱ्याचं सागाचं झाड होतं. होळीच्या आसपास त्याची पानं झडली आणि खोलीत भक्क ऊन यायला लागलं. सिस्टर म्हणाल्या, आता ठरवण्यात अर्थ नाही, साग फुटू द्या. साग फुटला तेव्हा म्हणाल्या, आता पानाचा हिरवा भिंतीवर पडून राह्यला, हे खरं नाही, साग झडू द्या. मी नुसती मान हलवायचो. माणूस दमला की त्याला सगळंच पटतं.

एकदा वैतागून मी कामावरचा तो पानांचा तक्ताच घरी आणला. म्हटलं, शास्त्रानं काय ते होऊ द्या. दोन्ही चौकोनांवर पट्टी धरली. दोन्ही एकाच नंबराशी जुळले. मी म्हणालो, "सिस्टर, झालं. दोन्ही एकच." त्यांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली आणि ती वापरायचे नियम विचारले. मी सांगून बसलो. पान उन्हात धरायचं नाही, आपल्या अंगाच्या सावलीत धरायचं. रोज त्याच माणसानं पाहायचं. रोज त्याच वेळेला पाहायचं. सिस्टरना नियम म्हणजे जीव की प्राण. दुसऱ्या दिवसापासून मला रोज त्याच वेळेला, खिडकीकडे पाठ करून, माझ्या सावलीत ते दोन चौकोन पाहावे लागले. वर त्यांनी विचारलं, "फिक्का निंगाला तं तुमी युरिया टाकता. भिंतीले काय टाकाचं?" या प्रश्नाचं उत्तर कृषी खात्यात कोणाकडे नव्हतं.

उस्मानभाई महिन्या-दोन महिन्यांनी डोकावत. खोलीत जाऊन दोन्ही चौकोनांसमोर उभे राहत, चहा घेत, दाढी खाजवत. "सिस्टर, ईद के पहले बोलो, ईद के बाद बोलो, मगर बोलो. माझा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही." सिस्टर त्यांचं मनगट धरून म्हणत, "हात चांगला हाये तुमचा. बीपी पाहून घ्या." रंगाचं उत्तर मिळत नसे. मला एकदा मी तिथं नोकरीला असेपर्यंत हे संपेल का असं वाटलं होतं. उस्मानभाईंना आपण असेपर्यंत संपेल का असं वाटत असे.

मी एकदा रागावलोही. म्हणालो, "सिस्टर, तिकडे तर तुम्ही कोणत्या बाईला बैलगाडीत घालून पुढे पाठवायचं आणि कोणाला तिथंच ठेवायचं हे उभ्याउभ्या ठरवत होता. इथे एका भिंतीचं एवढं काय?" त्या म्हणाल्या, "म्हून तं. तिथी दम खाले टाइम नोयता भाऊ. आता मले टाइम हाये." त्यांच्या आवाजात थकवा होता. आयुष्यभराची घाई अंगातून उतरायला बहुतेक अशीच काही वर्षं लागत असतील.

पण तेवढंच नव्हतं, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. त्या दोघींचे निरोप एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांकडून जात-येत. सिस्टर निरोप पाठवत, रंग व्हायचाय, झाला की ये. सोमीचा निरोप येई, मोहफूल वेचून झालं की येते. मग तेंदूपत्ता झाला की. मग पेरा झाला की. निरोप ऐकला की सिस्टरच्या चेहऱ्यावर जे येई त्याला मी आधी दुःख समजत होतो. ती सुटका होती. रंग ठरला असता तर भिंत रंगवावी लागली असती, भिंत रंगवली असती तर सोमीला बोलवावं लागलं असतं, आणि ती येऊन परत पायरीखाली चपला काढून बोळात बसली असती, तर त्यापुढे सिस्टरकडे काही उरलं नसतं. दोन चौकोन भिंतीवर होते तोवर सोमी यायची होती. हे कळल्यापासून मी त्यांना घाई करायचं सोडून दिलं. रोज सकाळी माझ्या सावलीत दोन चौकोन पाहायचो आणि म्हणायचो, "अजून नक्की सांगता येत नाही, सिस्टर."

मग एका वर्षी नवरात्राच्या सुमाराला निरोप आला की सोमीला हिवतापानं धरलंय, खाटेवरून उठत नाही. निरोप घेऊन आलेला कंडक्टर सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघून दारातच थांबला. सिस्टरनी आत जाऊन पिशवीत औषधं भरली, बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "उस्मानभाईले बलावा. दोन फळ्या रंगवाच्या हायेत. एक थोरला, एक धाकटा." मी म्हणालो, "आत्ता? सोमीला ताप आहे." "म्हून तंच," त्या म्हणाल्या. "तिलेच इचारतो आता."

दोन फळ्या वाळल्या न वाळल्या तोच आम्ही निघालो. मला बरोबर घेतलं ते फळ्या धरायला. मूल, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली, गाड्या बदलत, त्या दोन हिरव्या फळ्या मांडीवर आडव्या धरून मी दोन जिल्हे ओलांडले. आलापल्लीच्या पुढे जंगल दाट झालं तसा दोन्ही बाजूंनी हिरवा अंगावर यायला लागला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पाटी रंगवाची हाये का? कोनत्या हापिसाची?" मी म्हणालो, "अजून ठरलं नाही." सिस्टर खिडकीशी बसून होत्या. त्यांनी वाटेत एकदाच तोंड उघडलं, आणि तेही "ड्रायव्हरले सांगा, जोरात हाक म्हना," एवढ्यासाठी.

पोचलो तेव्हा सोमीचा ताप उतरत आला होता. गावातल्या कोणीतरी गोळ्या आणून दिल्या होत्या. मोहाखाली खाट टाकून ती पडली होती, गालफडं बसलेली, डोळे मात्र जागे. सिस्टरनी पिशवी तिथेच टाकली आणि तिचं मनगट धरलं. बराच वेळ धरलं. नंतर सोमीनं हळूच विचारलं, "जिंदी हाये का मी?" सिस्टर म्हणाल्या, "हायेस." आणि लुगड्याच्या पदरानं आपलंच तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमी उठून बसली, पेज प्यायली. सिस्टरनी मला खूण केली. मी फळ्या आणून मोहाच्या बुंध्याला टेकवून ठेवल्या. झाड हिरवं, पडवीतला उजेड हिरवा, मागची बांधी हिरवी, आणि त्यात त्या दोन फळ्या. खरं सांगतो, मला त्या क्षणी थोरला कोणता आणि धाकटा कोणता हेसुद्धा आठवेना. सिस्टर मात्र खाटेच्या कडेला ताठ बसल्या होत्या. परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशा.

"पाय नीट," त्या म्हणाल्या. "खोलीले कोंता मारू?"

सोमीनं नीट पाहिलं. "दोनी चांगले हायेत."

"एक सांग."

"पयला बी चांगलाच होता, बाई."

"पयला? थो दवाखान्याचा? मंग तू पळाली काऊन?"

कोंबड्या फळ्यांपाशी येऊन चोची मारून गेल्या. मग सोमी बोलायला लागली, सावकाश, मधेच थांबून, शब्द जुळवत. "तुह्या घरी मी काय करू? तू झाडतेस, तूच रांधतेस. माही चादर बी तूच ओढतेस अन् मले म्हन्तेस, झोप. झोपून मानूस दवाखान्यातच रायते ना? इथी तुले नदी मालूम नोयती, बोली मालूम नोयती, तवा मी तुहा हात धरला. तिकडं मी कोनाचा हात धरू?"

सिस्टरनी अजूनही तिचं मनगट धरलेलं होतं. त्यांनी ते सोडलं. मी उठून बांधाकडे गेलो. तिथे उभं राहून धान बघितलं, आणि सवयीनं मनात म्हटलं, फिकं आहे, युरिया पाहिजे.

परत आलो तेव्हा सिस्टर तशाच बसल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांना हात मोकळे ठेवून बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग त्यांनी विचारलं, "मंग मी इथी राहू का?" हे त्यांनी आज्ञा करावी तसं नाही, खोली भाड्यानं मिळेल का असं परक्या गावात विचारावं तसं विचारलं.

सोमीनं रिकाम्या हंड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "राहा ना. पानी आनाले कोनी नाई. पन नवा रस्ता हाये हिरीचा. तुले दाखवा लागन." आणि उठली. ताप नुकता उतरलेला होता. सिस्टर अर्ध्या उठल्या, 'झोप' म्हणायला त्यांचं तोंडही उघडलं. मग त्यांनी ते मिटलं, हंडा उचलला आणि आपला हात पुढे केला. सोमीनं तो धरला आणि दोघी उतारानं खाली गेल्या. कोण कोणाला सांभाळत होतं ते मागून काही कळत नव्हतं. मला त्या दोघींचा इतका हेवा वाटला की मी तोंड फिरवलं.

निघताना सिस्टरनी मला घराची किल्ली दिली. मी विचारलं, रंगाचं काय करू? ज्या माणसानं वीज गेल्यावर कंदील धरून ते चौकोन पाहिले होते, सागाच्या झडण्या-फुटण्याची वाट पाहिली होती, ते माणूस हंड्याला माती लावत म्हणालं, "मारून टाका कोंताबी." फळ्या परत न्याव्यात का, म्हणून मी पाहायला गेलो, तर एक सोमीनं खुराड्याच्या तोंडाला लावली होती आणि दुसरी रांजणावर झाकण म्हणून घातली होती.

सिंदेवाहीला आल्यावर उस्मानभाईंना बोलावलं. ते ब्रश पाण्यात बुडवून तयारीनं आले. "कौनसा?" मी त्या दोन चौकोनांसमोर उभा राहिलो. खिडकीकडे पाठ केली, आपल्या सावलीत पाहिलं, त्याच वेळेला, त्याच माणसानं. मग एकाकडे बोट दाखवलं. उस्मानभाईंनी काही न विचारता डबा उघडला. सगळी भिंत झाली तेव्हा ते मागे सरकून पाहत राहिले आणि म्हणाले, "या अल्ला, सिस्टर बरोबर बोलत होत्या. फरक है." खोली खरोखर सुंदर झाली होती. एरवी मला हिरव्याचा एवढा कंटाळा, पण त्या संध्याकाळी मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. दाखवायला कोणी नव्हतं.

कंडक्टरकडे निरोप दिला, खोली झाली, फार छान झाली, एकदा येऊन पाहून जा. पुढच्या फेरीला तोच कंडक्टर उत्तर घेऊन आला. पायरीवर उभा राहून, सिस्टरनी घोकवून घेतलं होतं तसं त्यानं सांगितलं, "खोली भाड्यानं द्या म्हने. सोमीबाई बरी हाये म्हने. अन् कोंता रंग मारला थे मले कळवू नोका म्हने. चांगला निंगाला असन तं परत यावंसं वाटन."